कारवानी : आपल्या माळावरचा शिकारी कुत्रा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा सूचना केली की, दवाखान्यात रोज जे सांगतो त्याहून थोडे निराळे काही लिहावे. मी व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ. परंतु गेली अनेक वर्षे आमच्या घरी कारवानी जातीचा कुत्रा आहे, आणि त्याच्या निमित्ताने या जातीविषयी वाचणे, जुन्या जाणत्या शेतकऱ्यांना विचारणे व पशुवैद्यक मित्रांशी चर्चा करणे हा छंदच जडला. सुशिक्षित घरांत आज लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, एवढेच नव्हे तर बर्फाळ प्रदेशातला हस्कीसुद्धा दिसतो. मात्र बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या परिसरातील माळरानावर शेकडो वर्षे वावरलेला आपलाच कुत्रा आपल्याला नीट ठाऊक नसतो. त्याचे कुळ, त्याचा स्वभाव, त्याचे संगोपन आणि घरातील मुलांच्या आरोग्याशी असलेला त्याचा संबंध यांविषयी प्रस्तुत लेखात थोडक्यात लिहीत आहे.

कुळ आणि नाव

शिकारी कुत्र्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एक वासावर चालणारा आणि दुसरा नजरेवर धावणारा. हंगेरीचा प्रसिद्ध व्हिझ्ला हा पहिल्या वर्गातला. तांबूस सोनेरी रंगाचा हा कुत्रा गवतातील पक्ष्याचा वास घेतो, एक पाय उचलून स्तब्ध उभा राहतो आणि शिकाऱ्याला दिशा दाखवितो. बंदुकीने टिपलेला पक्षी उचलून आणणे हेही त्याचेच काम. आपला कारवानी दुसऱ्या वर्गातला. उघड्या माळावर दूरवर हललेला ससा त्याच्या नजरेस पडतो आणि कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता तो झेपावतो. अरबस्तानातील सालुकी, मध्य आशियातील ताझी, इंग्लंडचा ग्रेहाउंड ही त्याची भावंडे.

‘कारवानी’ हे नाव कारवाँ, म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, या शब्दावरून आले. इराण, अरबस्तान व मध्य आशियातून दख्खनेत आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर आणि सैनिकांबरोबर या कुत्र्यांचे पूर्वज इकडे आले, ही परंपरेने चालत आलेली समजूत आहे. आपल्या प्रदेशाचा इतिहास पाहिला तर ती सहज पटते. बहामनी राज्याची स्थापना १३४७ साली झाली तेव्हा राजधानी गुलबर्गा होती; पंधराव्या शतकात अहमदशहा वली याने ती बीदरला हलविली. ज्याच्या मदरशाचे अवशेष आजही बीदरमध्ये उभे आहेत, तो वजीर महमूद गावान हा मूळचा इराणातील गिलानचा, व्यापाराच्या निमित्ताने इकडे आलेला. इ. स. १४७० च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौल बंदरात उतरला आणि तो घोडा त्याने बीदरमध्ये विकला. दर्ग्याच्या उरुसाला भरणाऱ्या एका प्रचंड घोडेबाजाराचे वर्णनही त्याने केले आहे. तो बाजार म्हणजे आपले आळंद, असे अभ्यासक मानतात. जिथे घोडे येत होते, तिथे घोड्यांच्या बरोबरीने धावणारे कुत्रेही आले असतील यात नवल नाही.

पुढे हा कुत्रा दरबारात न राहता शेतात, धनगरवाड्यांवर आणि लमाणी तांड्यांवर रुळला. लातूर, सोलापूर, बीदर, कलबुर्गी या पट्ट्यात तो कारवानी म्हणून ओळखला जातो. कान, पाय व शेपटीवर रेशमी झालर असलेल्या प्रकाराला पश्मी म्हणतात. कन्नड भाषकांत ‘बेटे नायी’, म्हणजे शिकारी कुत्रा, एवढे म्हटले तरी पुरते. जिल्ह्यांच्या सीमा त्याने कधी मानल्या नाहीत. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते, हे येथे आठवावे.

कारवानीचे मुधोळ हाउंड हे दुसरे नाव बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ संस्थानाचे. तेथील घोरपडे राजघराणे मराठी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेरड समाजातील शिकाऱ्यांकडचे हे कुत्रे पाहिले, जोपासले आणि त्यांची एक जोडी इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिली. तेव्हापासून मुधोळ हाउंड हे नाव रूढ झाले, असे सांगतात. आजही केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीला कॅरव्हान हाउंड म्हणते, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली. त्यांत रामपूर, राजापालयम व हिमालयीन मेंढपाळ कुत्र्याच्या पंक्तीला आपला मुधोळ बसला.

रूप आणि स्वभाव

लांबट निमुळते डोके, मोठे बोलके डोळे, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय आणि खाली वळलेली शेपूट. खांद्याशी उंची साधारण ६० ते ७२ सेंमी आणि वजन २० ते २८ किलो. रंग दुधी, बदामी, तांबडा, राखी किंवा काळा. प्रथमच पाहणाऱ्याला वाटते, याला कोणी खायला घालत नाही काय? आमच्याकडे येणारे पाहुणे हे हमखास विचारतात. प्रकृतीने निरोगी परंतु सडपातळ मुलाच्या आजीला ‘वजन योग्य आहे’ हे पटवून देणे जितके कठीण, तितकेच हेही कठीण. शेवटच्या दोन-तीन बरगड्या पुसट दिसणे हे या जातीत आरोग्याचे लक्षण आहे. लठ्ठ कारवानी हा आजारी कारवानी समजावा.

स्वभावाने तो गंभीर, घरच्यांशी एकनिष्ठ आणि परक्याशी अलिप्त. परक्याने अंगावरून हात फिरविलेला त्याला फारसा रुचत नाही. लॅब्रेडॉरसारखी प्रत्येक आज्ञा तो पाळणार नाही. शतकानुशतके स्वतःच्या नजरेवर निर्णय घेणाऱ्या कुत्र्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये. मारझोडीने तो बिघडतो, भित्रा होतो, आणि भ्यालेला कुत्रा चावतो. शांत आवाज, नियमित वेळा आणि थोडा संयम यांनी तो उत्तम घडतो.

शिकार संपली, धाव उरली

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. आज ससा असो वा काळवीट, कुत्रा सोडून शिकार करणे हा गुन्हा आहे, आणि तो योग्यच आहे. बीदर, कलबुर्गीच्या माळावर काळविटांचे कळप अजून दिसतात ही आपली श्रीमंती. मोकाट सोडलेला एक कारवानी त्यातले पाडस सहज मारू शकतो. म्हणून हा कुत्रा पाळणाऱ्याने पहिली गोष्ट लक्षात ठेवावी की, त्याची शिकार संपली असली तरी त्याची धाव संपलेली नाही.

या जातीचा खरा प्रश्न येथेच आहे. जे काम होते म्हणून शेतकऱ्याने तो जपला, ते काम आता नाही. गावात त्याचे गावठी कुत्र्यांशी संकर होत आहेत; शहरात हौसेने नेलेला कुत्रा गच्चीवर साखळीने बांधला जातो, दिवसभर भुंकतो, दोरी चावतो आणि वर्षभरात कोणाला तरी देऊन टाकला जातो. हंगेरीचा व्हिझ्लाही दोन महायुद्धांच्या काळात नामशेष होण्याच्या बेतात होता. तेथील लोकांनी, विशेषतः परागंदा झालेल्या कुटुंबांनी, तो जपला. वंशावळीच्या नोंदी ठेवल्या, आणि आज तो घराघरांत जगभर पोहोचला आहे. आपल्या कुत्र्यालाही वाचवायचे असेल तर कौतुकाबरोबर काळजीही हवी.

रोज सकाळी व संध्याकाळी किमान पाऊण तास चालणे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा कुंपण घातलेल्या शेतात किंवा मैदानात मोकळे धावणे, हे त्याच्या आहाराइतकेच आवश्यक. रस्त्यावर त्याला दोरीशिवाय सोडू नये. मांजर दिसले तर तो वाहन पाहत नाही. त्याची मान डोक्यापेक्षा फारशी बारीक नसल्याने साधा पट्टा सहज निसटतो; रुंद पट्टा किंवा छातीला बसणारा हार्नेस वापरावा. कलबुर्गीचा उन्हाळा ४२ अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत सकाळी सहापूर्वीच फिरवून आणावे. उलट बीदरच्या पठारावरील डिसेंबर-जानेवारीतील थंडी त्याला सोसत नाही, कारण अंगावर चरबी नाही आणि केसही आखूड. जमिनीपासून थोडी उंच खाट आणि वर जाड गोणपाट किंवा गोधडी एवढे तरी द्यावे.

पिल्लू आणि बाळ

पिल्लाचे संगोपन आणि बाळाचे संगोपन यांत मला जी साम्ये व भेद दिसले, ते वैद्यक मित्रांना रोचक वाटतील.

मानवी बाळाला आईची प्रतिपिंडे मुख्यतः वारेतून मिळतात. पिल्लाला मात्र वारेतून फारच थोडी मिळतात; उरलेली सर्व पहिल्या दिवसातील चिकातून. म्हणून जन्मल्यानंतर पहिल्या काही तासांत प्रत्येक पिल्लू आईला लुचते आहे ना, हे पाहणे हाच त्याचा पहिला डोस. दोन महिने पूर्ण होण्याआधी पिल्लू आईपासून तोडू नये. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनीही आठ आठवड्यांखालील पिल्लाच्या विक्रीस मनाई केली आहे. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांत पिल्लू जे पाहते, ऐकते, ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळते, त्यावर त्याचा जन्मभराचा स्वभाव ठरतो. त्या काळात त्याला माणसांचा, मुलांचा, मिक्सरच्या आवाजाचा, मोटारसायकलीचा परिचय व्हावा.

आईची प्रतिपिंडे लसीला निष्प्रभ करतात, म्हणून आपण बाळाला गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतो. पिल्लांच्या पार्वो व डिस्टेंपरच्या लसीचेही नेमके हेच गणित आहे. आईची प्रतिपिंडे कोणत्या आठवड्यात संपतील हे प्रत्येक पिल्लागणिक बदलते. त्यामुळे सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत लस पुन्हा द्यावी लागते. ‘एक इंजेक्शन दिले आहे’ हे विक्रेत्याचे वाक्य पुरेसे मानू नये. पार्वोने रक्ताचे जुलाब होऊन उमदी पिल्ले दोन-तीन दिवसांत दगावतात. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, पुन्हा एक वर्षाने, आणि त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्यानुसार. आपल्याकडे ती दरवर्षी देण्याचा प्रघात आहे.

जंतांच्या बाबतीत तर पिल्लू बाळाच्या फार पुढे आहे. टॉक्सोकारा हा गोलकृमी आईच्या पोटातूनच पिल्लात येतो. त्यामुळे दोन आठवड्यांच्या वयापासूनच दर पंधरा दिवसांनी जंतनाशक सुरू करतात. याच कृमीची अंडी मातीतून मुलांच्या तोंडात जातात आणि क्वचित अळी डोळ्यापर्यंत पोहोचून दृष्टी जाते. कुत्र्याची विष्ठा उचलणे आणि मुलांचे हात धुणे, या दोन साध्या सवयींनी हे टळते.

आहार, औषधे आणि गोचीड

शेतकऱ्याच्या घरी या कुत्र्याला ज्वारीची भाकरी, ताक किंवा दूध मिळत आले आहे. भाकरी वाईट नाही, पण तेवढ्यावर वाढते पिल्लू पोसत नाही. शिजवलेले अंडे, कोंबडीचे मांस किंवा मासे, थोडी डाळ आणि भाजी यांची जोड हवी. येथे एक गोष्ट माझ्या बालरोग व्यवसायातील मित्रांना चकित करील. मुडदूस टाळण्यासाठी आपण बाळाला कोवळ्या उन्हात न्यायला सांगतो. कुत्र्याची त्वचा मात्र उन्हातून पुरेसे ‘ड’ जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. त्याला ते अन्नातूनच मिळावे लागते. नुसत्या मांसावर वाढविलेल्या पिल्लाची हाडेही कॅल्शियमअभावी ठिसूळ होतात. उलट तयार संतुलित खाद्य देत असताना वरून कॅल्शियमचे औषध पाजणेही घातक. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. म्हणून अन्न दोन वेळा विभागून द्यावे आणि जेवणानंतर तासभर तरी धावू देऊ नये. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट पूर्ण वर्ज्य.

कसायाकडील कच्चे काळीज, फुप्फुस कुत्र्याला घालण्याची सवय मोडली पाहिजे. मेंढ्यांच्या अवयवांतील हायडॅटिड पुटे कुत्र्याने खाल्ली की त्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो, आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात, फुप्फुसात पुटे होतात. आपल्या शल्यचिकित्सक मित्रांनी अशी पुटे काढलेली आहेत.

औषधांबाबत आपण डॉक्टरांनीच जपावे असे एक सांगतो. घरातील कुत्रा तापला की मुलाच्या पॅरासिटामॉलचे सिरप किंवा डायक्लोफिनॅकची गोळी देण्याचा मोह होतो. इब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याला जठरव्रण व मूत्रपिंडाचा विकार होतो. पॅरासिटामॉलची सुरक्षित मर्यादाही अरुंद आहे. शिवाय ग्रेहाउंडच्या कुळातील कुत्र्यांत चरबी कमी आणि यकृतातील काही औषधांचे विघटन संथ, त्यामुळे थायोपेंटोनची भूल उतरायला फार वेळ लागतो. शस्त्रक्रियेपूर्वी ‘हा कारवानी आहे’ हे पशुवैद्यकाला आवर्जून सांगावे.

पावसाळ्यात व त्यानंतर गोचिडांचा सुळसुळाट होतो. एर्लिचिया व बबेसिया हे दोन्ही आजार गोचिडांतून येतात. कुत्रा सुस्त झाला, हिरड्या पांढुरक्या पडल्या, नाकातून रक्त आले, तर वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे. कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात रोज हात फिरवून पाहणे हा उत्तम उपाय.

मूल, कुत्रा आणि रेबीज

या लेखातील माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हा. काही वर्षांपूर्वी खेड्यातील एक सहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला गेला. दोन दिवसांपासून तो पाणी पीत नव्हता. पंख्याचा वारा लागला की दचकत होता. दीड महिन्यापूर्वी घरीच आणलेल्या शिकारी जातीच्या पिल्लाने त्याच्या हाताला चावा घेतला होता. पिल्लू आठवड्यात मेले. ‘पिल्लाच्या दाताला विष नसते’ असे कोणी वडीलधाऱ्यांनी सांगितले आणि जखमेवर हळद-चुना लावला गेला. त्या मुलासाठी करण्यासारखे आमच्या हाती काहीच उरले नव्हते. बाप दाराशी उभा राहून पुन्हा पुन्हा म्हणत होता, ‘डॉक्टरसाहेब, पिल्लू तर घरचंच होतं.’

घरचे पिल्लू, जातिवंत पिल्लू, दोन महिन्यांचे पिल्लू, कोणालाही रेबीज होऊ शकतो. २०२२-२३ मध्ये झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख प्राणीदंश होतात आणि रेबीजने सुमारे ५,७०० माणसे मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, संशयित पिसाळलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. कर्नाटकात डिसेंबर २०२२ पासून मानवी रेबीज हा कळविणे बंधनकारक असलेला रोग आहे. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चर यांनी ज्याला पहिल्यांदा लस टोचविली, तो जोसेफ माइस्टर नऊ वर्षांचा मुलगाच होता. आज लस प्रत्येक सरकारी दवाखान्यात पोहोचण्याची व्यवस्था असताना मुले जाऊ नयेत.

म्हणून पुन्हा उजळणी. चावा किंवा ओरखडा असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल काहीही लावू नये. त्याच दिवशी लस सुरू करावी. स्नायूत दिल्यास ०, ३, ७, १४ व २८ या दिवशी, त्वचेत दिल्यास दोन जागी ०, ३, ७ व २८ या दिवशी. रक्त आले असेल तर जखमेत व भोवती इम्युनोग्लोब्युलिन अत्यावश्यक. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, परंतु त्यासाठी लस लांबवू नये. ज्यांच्या घरी कुत्रा आहे अशा मुलांना पूर्वलसीकरण देण्याबाबत आपल्या बालरोगतज्ज्ञांशी जरूर बोलावे. ते घेतलेले असल्यास पुढे चावा झाल्यावर दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिनची गरज पडत नाही.

मुलांना घरीच काही नियम शिकवावेत. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्ले असलेल्या कुत्रीजवळ जाऊ नये. कुत्रा अंगावर आला तर पळू नये, झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. नजरेवर धावणाऱ्या या जातीच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे, कारण पळणारी वस्तू पाहिली की पाठलाग हा त्याचा उपजत धर्म. पाच वर्षांखालील मूल आणि कुत्रा, कितीही गरीब असला तरी, दोघांना एकटे सोडू नये. एवढे पथ्य पाळले तर कुत्र्याबरोबर वाढणारे मूल मुक्या जिवाची भाषा शिकते, हे मी माझ्या घरात अनुभवले आहे.

बीदरचे नाते

या जातीच्या शास्त्रीय जोपासनेचे सूत्र बीदरमध्येच आहे, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. मुधोळ तालुक्यातील तिम्मापूर येथील श्वान संशोधन व माहिती केंद्र हे बीदरच्या नंदीनगर येथील कर्नाटक पशुवैद्यकीय, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे. तेथे शुद्ध वंशाची पैदास होते, शेतकऱ्यांना पिल्ले पुरविली जातात. २०१६ साली या जातीची पिल्ले सैन्याच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने मुधोळ हाउंडची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस मेळाव्यात सीमा सुरक्षा दलाच्या रिया या मुधोळ कुत्रीने पहिले पारितोषिक मिळविले. शिकारीचे काम गेले, पण राखणीचे व शोधाचे काम या कुत्र्याला मिळू लागले आहे, ही आनंदाची गोष्ट.

आपल्या संस्थेपुढे माझी नम्र सूचना अशी. दरवर्षी २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्या दिवशी बीदरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने सीमाभागातील दोन-तीन गावांत कुत्र्यांचे मोफत लसीकरण आणि शेजारच्याच मंडपात मुलांची आरोग्य तपासणी असे जोडशिबिर घ्यावे. गावातील ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, हे जगभर सिद्ध झाले आहे. त्याच शिबिरात कारवानी पाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या कुत्र्यांची नोंदही करता येईल. ज्यांना कुत्रा पाळायची हौस आहे, त्यांनी दूरदेशीच्या जातींमागे धावण्याआधी आपल्या माळावरच्या या उमद्या जिवाचा विचार करावा. आणि पिल्लू घरी आणण्याच्या दिवशीच त्याचे लसीचे कार्ड मुलांच्या कार्डाशेजारी ठेवावे. एवढेच नम्र निवेदन.